शब्दांतच ताकद असते की ऐकणाऱ्यात?

तुमचा प्रश्न असा, की तेच वाक्य एकाला लागतं आणि दुसरा ते झटकून मोकळा होतो. मग ताकद शब्दात कशी म्हणायची? माझ्या मते शब्द अर्धंच काम करतो.

आमच्या नागपुरातल्या महाल भागातल्या घरचंच सांगतो. मे महिन्याची दुपार. बाबा दारातून म्हणायचे, "काय ऊन तपून राहिलं बाप्पा!" बस, एवढंच. आई उठून कूलरमध्ये पाणी भरायची. मी बाहेर काढलेली सायकल परत भिंतीला टेकवायचो. निघायला उठलेले काका पुन्हा बसायचे, आणि आजी त्यांच्या खिशात ठेवायला कांदा शोधायची. वाक्य उन्हाचं, कामं चार.

संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने अकराव्या शतकात 'काव्यप्रकाश' या ग्रंथात हाच मुद्दा 'सूर्य मावळला' या वाक्यावर मांडलाय. कोणी त्यातून हल्ल्याची वेळ झाली असं घेतो, कोणी गुरं घरी आणायची, कोणी प्रियकराकडे निघायची. वाच्यार्थ, म्हणजे शब्दांचा सरळ अर्थ, सगळ्यांना एकच; व्यंग्यार्थ, म्हणजे त्यातून सुचणारा अर्थ, मात्र ज्याचा त्याचा.

इंग्रज तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिनने १९५५ मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत याची आणखी बारीक फोड केली. एक, नुसतं वाक्य उच्चारणं. दोन, बोलता बोलताच उरकणारी कृती: वचन, ताकीद, माफी. तीन, बोलण्यामुळे समोरच्यात जे होतं ते: भीती, राग, पटणं. दुसऱ्या आणि तिसऱ्यात गल्लत होते, म्हणून हे करून बघा. 'मी तुला ताकीद देतो' म्हटलं की ताकीद देऊन होते. 'मी तुला घाबरवतो' म्हटल्याने कोणी घाबरतं का?

दुसऱ्या प्रकाराचा सगळ्यात मोठा दाखला मला आमच्याच शहरात दिसतो. ऑस्टिनच्या व्याख्यानांच्या पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी स्वतः दीक्षा घेतली आणि मग लाखोंच्या समुदायाला २२ प्रतिज्ञा दिल्या. लोकांनी त्या नुसत्या ऐकल्या नाहीत, आपल्या तोंडाने म्हटल्या, आणि म्हणता म्हणता ते बौद्ध झाले. ऐकणारेच बोलणारे! भाषेच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात हे उदाहरण का देत नाहीत, कोण जाणे.

तिसऱ्या प्रकारात मात्र मी स्वतः आपटलोय. मित्राची नोकरी गेली तेव्हा फोनवर म्हटलं, "होते ना बे, काय टेन्शन घेऊन राहिला." मला धीर द्यायचा होता. त्याला वाटलं, मी त्याचं दुःख उडवून लावलं. तीन महिने फोन उचलला नाही पठ्ठ्याने. शेवटी तर्री पोह्याच्या ठेल्यावर गाठ पडली. काय बोलावं सुचेना, म्हणून खांद्यावर हात ठेवून तेच वाक्य पुन्हा म्हटलं, शब्दाला शब्द.

"हां, आता बोलला ना नीट," म्हणे.