अंध मुलीसाठी आपल्या भागाचा स्पर्श-नकाशा घरी करता येईल का? त्याला यंत्र लागतं का?

तुम्ही लिहिलंय की भाची जन्मापासून अंध आहे, आठवीत शिकते, ब्रेल छान वाचते, आणि घरापासून बाजारापर्यंतचा नकाशा तिच्या हातात द्यायचाय. यंत्र लागत नाही. मात्र नकाशे काढायची सवय असेल तर ती आधी मोडावी लागते. मला तेच जड गेलं, कारण माझी सगळी नोकरी ड्राफ्ट्समन म्हणून झाली.

मी बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. शेजारच्या अप्पांची नजर काचबिंदूने गेली, तेव्हा त्यांच्यासाठी पहिला नकाशा केला तो जुन्या शहराचा. याच्याइतकं सोपं गाव शोधून सापडायचं नाही. मधोमध मांडवी नावाची जुनी मंडपासारखी इमारत, तिथून चार दिशांना चार रस्ते आणि टोकाला चार दरवाजे: पूर्वेला पाणीगेट, पश्चिमेला लहेरीपुरा, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट. थोडक्यात, अधिकाचं चिन्ह. मी मात्र इमानेइतबारे स्केल धरलं, रस्त्याच्या दोन्ही कडा दाखवल्या, पोळांची, म्हणजे जुन्या गल्ल्यांची, तोंडं दाखवली, न्यायमंदिर या जुन्या कोर्टाच्या इमारतीची बाह्यरेषासुद्धा सोडली नाही. अप्पांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "अरे, चिवड्यात हात घातल्यासारखं वाटतंय."

नंतर हिशोब केला. एक किलोमीटर २५ सेंटिमीटरवर बसवला, तर १० मीटर रुंदीचा रस्ता अडीच मिलिमीटरचा होतो. बोटाच्या टोकाला दोन ते तीन मिलिमीटरपेक्षा जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या लागतच नाहीत. म्हणजे माझ्या त्या काटेकोर दोन कडा अप्पांच्या लेखी एकच खरबरीत पट्टा होता. तेव्हा रस्ता म्हणजे एकच दोरा. रुंदी विसरा. वळण बारीकसं असेल तर सरळ करा, मोठं असेल तर जरा जास्तच वळवा. दोन चौक फार जवळ येत असतील तर ओढून लांब करा. थोडं खोटं बोलल्याशिवाय हा नकाशा वाचता येत नाही.

सामान घरातलंच. जाड कार्डशीट, मुख्य रस्त्याला जाड दोरा, गल्लीला क्रोशाचा बारीक दोरा, इमारतीला फोमचा तुकडा, मैदानाला पॉलिश पेपर, तळ्याला गुळगुळीत प्लॅस्टिक. सुतळी नको, तिचे तंतू बोटात येतात. नुसत्या फेव्हिकॉलची रेघ वाळल्यावर बसते, तिच्यावर भिस्त ठेवू नका. चौकात एक दोरा दुसऱ्यावरून नेऊ नका, कापून टोकाला टोक भिडवा. नाहीतर तिथे गाठ होते आणि वाचणाऱ्याला वाटतं, इथे काहीतरी खास आहे. खुणेचा मणी रस्त्याला चिकटवू नका, तीन-चार मिलिमीटर सोडून लावा. पोत चार-पाचपेक्षा जास्त नकोत. आणि कागदाचा वरचा उजवा कोपरा तिरका कापा, म्हणजे हातात घेतल्याबरोबर कळतं की नकाशा सुलटा आहे.

दुसरी पद्धत शिंप्याकडच्या दातेरी चाकाची. कागद उलटा करून रबरी मॅटवर ठेवायचा आणि चाक दाबून फिरवायचं, पुढच्या बाजूला ठिपक्यांची रेघ उठते. झटपट काम. पण मागून काढायचं म्हणजे आरशातलं काढायचं, आणि ट्रेसिंग पेपर उलटा करायलाच मी विसरलो. हयात ट्रेसिंग पेपरवर गेलेला माणूस! पाणीगेट पश्चिमेला गेलं आणि लहेरीपुरा पूर्वेला. अप्पा म्हणाले, "पश्चिमेच्या सूरसागर तळ्याला जायला निघालो तर तुझ्या कृपेने पाणीगेटला पोचेन. पाणी दोन्हीकडे आहे म्हणा."

नावांचं म्हणाल तर ब्रेल लहान-मोठं करता येत नाही. त्याचा टाइप एकच, साधारण सहा मिलिमीटरला एक अक्षर. 'लहेरीपुरा' लिहायला गेलात तर अर्धं शहर झाकलं जाईल. नकाशावर एक-दोन अक्षरं ठेवा आणि पूर्ण नावं वेगळ्या कागदावर. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे आपल्या भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये, सारख्या उच्चाराच्या अक्षराला बहुतेक भारतीय भाषांत तेच ठिपके असतात, म्हणजे मराठीतून लिहिलेली 'मांडवी' शेजारचा गुजराती मुलगाही वाचू शकतो. अप्पांना ब्रेल येत नाही, म्हणून त्यांच्या नकाशावर नुसत्या आकृत्या आहेत: दरवाज्याला चौकोन, मांडवीला शर्टाचं बटण.

काय दाखवायचं हे मात्र तिच्याबरोबर एकदा चालून ठरवा. तुम्हाला साइनबोर्ड महत्त्वाचा वाटेल, तिला रिक्षास्टँडचा गलका, फरसाणाच्या दुकानाचा वास, फूटपाथ अचानक संपतो ती जागा. अर्थात इथे मीही फसलो. सूरसागरमधला महादेव मी गाळला होता, कारण तळ्यात काही चालत जायचं नाही. अप्पांनी प्लॅस्टिकवर बोट फिरवत पहिलं विचारलं, "महादेव कुठाय?" एक मणी लावला.

एकाच नकाशाच्या बऱ्याच प्रती हव्या असतील तरच यंत्राचा विचार करा. फुगणारा कागद मिळतो, त्यावर काळ्या रेघा छापून तापवलं की नेमक्या काळ्या रेघाच उठतात. थर्मोफॉर्ममध्ये मूळ नकाशावर प्लॅस्टिक तापवून हवा ओढून घेतात. टच मॅपर नावाची फुकट सोय आहे, पत्ता टाकला की ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावरून थ्रीडी प्रिंटची फाइल देते. सुट्या रस्त्यांच्या वसाहतीला हे ठीक, पण जुन्या शहरात पुन्हा चिवडा होण्याचीच भीती. देशाचे-राज्यांचे नकाशे घरी करत बसू नका. कोलकात्याच्या 'नॅटमो' या सरकारी संस्थेचा ब्रेल अॅटलस आहे, शाळेमार्फत चौकशी करा.

झाल्यावर स्वतः डोळे मिटून तपासू नका. तुम्हीच केलेला नकाशा तुम्हाला कळणारच. "समजलं का?" असंही विचारू नका, माणसं भिडेखातर हो म्हणतात. "चांपानेर दरवाज्यापासून गेंडीगेटला कशी जाशील, सांग" असं विचारा आणि हात बघत बसा. अप्पा डाव्या हाताचं बोट मांडवीच्या बटणावर रोवून ठेवतात आणि उजव्याने हिंडून परत तिथे येतात. उजवं बोट जिथे घुटमळलं, ती जागा दुरुस्त करायची. माझ्या चार खेपा झाल्या.

लॅमिनेशन करू नका, उठाव दबतो आणि बोट चिकटतं. आमच्याकडे पावसाळ्यात तसंही चिकटतंच, म्हणून अप्पा बोटांना जरा टाल्कम पावडर लावून बसतात.