आधी आवडीनं खायची, आता वासानं उठून जाते

"मॅडम, बायकोला आमच्या घरच्या जेवणाचा वास सहन होत नाही म्हणते, हे नाटक समजायचं की काय?" असा प्रश्न मला कायम येतो. कधी नवरा विचारतो, कधी बायको नवऱ्याबद्दल विचारते, कधी तर सासूच फोन करते. बहुतेकांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, माझ्याकडून फक्त शिक्का मारून हवा असतो. आणि खरं सांगू का, आमच्या समुपदेशनाच्या कामातली माणसंही इथे घाई करतात, वास म्हटलं की लागलीच सासर-माहेर, मानपान, जुना राग असलं काहीतरी शोधायला लागतात. माझं उलटं आहे. वासाचं भांडण आलं की आधी नाक बघायचं, मग स्वयंपाकघर, आणि मनात शिरायचं ते त्यानंतर.

2021 ची दिवाळी झाल्यावर सांगलीतलं एक जोडपं आलं होतं (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). तो मूळचा वेंगुर्ल्याकडचा, कुपवाड एमआयडीसीत नोकरीला, ती मिरजेची. लग्नाला बरीच वर्षं झालेली. ती काही शाकाहारी घरातली नव्हे, रविवारी मटण नसलं तर जेवल्यासारखं न वाटणारी, आणि लग्नानंतर मासेही खायला शिकली, सुकटीची चटणी तर म्हणे नवऱ्यापेक्षा तीच जास्त खायची. गणपतीनंतर सासूबाई गावाहून राहायला आल्या, येताना सुके बोंबील, सोडे, सुकट पिशवीभर घेऊन. आणि तव्यावर बोंबील पडले रे पडले की ही ओढणी नाकाला लावून गॅलरीत.

पहिल्यांदा सासूबाईंना वाटलं दिवस गेलेत. म्हणजे त्यांचंही काही चुकलं नाही, सुरुवातीच्या तीन महिन्यांत वास नकोसे होतात हे घरातल्या सगळ्याच बायकांना माहीत असतं. टेस्ट केली, तसं काही नव्हतं. मग त्या खुशीची जागा संशयानं घेतली आणि तिथून सगळं बिनसलं.

नवरा म्हणाला, "मॅडम, आई यायच्या आधी हिला कधी वास आला नाही, आई आली आणि वास सुरू झाला, आता मी काय समजायचं तुम्हीच सांगा." ती म्हणाली, "मी काय मुद्दाम करते का ओ? पोटात ढवळतं माझ्या." एकदा भांडणात तिनं "तुमच्या घरात गटारीचा वास मारतोय" असं म्हटलेलं, आणि ते वाक्य सासूबाईंनी ऐकलेलं. त्यावर तो म्हणाला होता, तुला माझी आईच नकोय ते सरळ बोल. मग दोघांचं बोलणंच बंद, मधे मुलगी निरोप्या.

मी कदाचित याच धाग्यावर बोलत बसले असते, पण मधेच आमच्या ऑफिसात कॉफी आली. तिनं कप हातानं लांब सरकवला आणि खुर्ची मागे घेतली. आता कॉफीचा आणि वेंगुर्ल्याचा काय संबंध? म्हणून विचारलं, अजून कशाकशाचा वास येतो? ती बराच वेळ गप्प होती, मग एकेक बाहेर आलं, टूथपेस्ट, कांदा परतताना, लसणाची फोडणी, अंडं, आणि आईकडचं मटण. मिरजेला जाऊनही ती दोन महिने फक्त दहीभात खाऊन येत होती, आईला सांगायची पित्त झालंय. हे नवऱ्याला माहीतच नव्हतं. तो बघतच राहिला.

कोविड झाला होता का विचारलं तर दोघंही एकदम हो म्हणाले, मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत. तेव्हा तिचा वास पूर्ण गेलेला, काही आठवड्यांनी परत आला, सगळ्यांना वाटलं झालं बरं. आणि ऑगस्टच्या शेवटापासून हा प्रकार. म्हणजे सासूबाई यायच्या आधीच सुरू झालेलं, फक्त बोंबलाला तो इतका जोरात आला की लपवता आलं नाही.

याला पॅरोस्मिया म्हणतात. नाकात अगदी वर वास ओळखणारा जो भाग असतो त्याचं आजारात नुकसान होतं, त्या पेशी परत तयार होतात पण मेंदूशी जोडणी नीट बसेपर्यंत निरोप चुकीचा जातो, मग कांदा, लसूण, कॉफी, भाजलेलं मांस यांचा वास जळक्या रबरासारखा, सडल्यासारखा नाहीतर गटारीसारखा येतो. बऱ्याच जणांना तो आजारानंतर लगेच न येता दोन-तीन महिन्यांनी सुरू होतो, म्हणून कुणी कोविडशी जोडतच नाही. थोडक्यात, तिनं टोमणा मारलाच नव्हता, तिला जे आलं ते तिनं सांगितलं. (बोलायची वेळ चुकली, ते वेगळं.)

मी काही डॉक्टर नाही, त्यामुळे कान-नाक-घसावाल्यांकडे पाठवलं. त्यांनी तपासून तेच सांगितलं आणि वासाचा सराव करायला लावला. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी असे चार वास, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक वीसेक सेकंद लक्ष देऊन हुंगायचे, निदान 12 आठवडे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये ही पद्धत मांडली, कोविडच्या कितीतरी आधी. सगळ्यांना सारखाच गुण येतो असं नाही, पण करून बघण्यात तोटाही नाही.

पुढच्या वेळी सासूबाईंनाही बोलावलं. त्या सुनेकडे बघून एवढंच म्हणाल्या, "तुका वास येता तर सांगूक नको गो?" ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं तुमच्या हातचं मला आवडत नाही." घरी गेल्यावर सरावाच्या चार बाटल्या भरल्या त्या सासूबाईंनीच, लवंग ठेचून वगैरे.

आता स्वयंपाकघर. याकडे कुणी बघतच नाही. त्यांच्या फ्लॅटला चिमणी होती पण तिचा पाइप बाहेर काढलेलाच नव्हता, नुसता कोळशाचा फिल्टर, तोही घेतल्यापासून न बदललेला, म्हणजे तोच वास फिरून हॉलमध्ये. अशा चिमण्या मी किती घरांत बघितल्यात! पाइप बाहेर काढला. एक शेगडी ड्राय बाल्कनीत नेली, बोंबील भाजायचे तर तिथे, आतलं दार लावून. ओल्या माशाला आधी कोकम नाहीतर लिंबू चोळायचं, कारण माशाच्या वासात जे ट्रायमिथाइलअमीन असतं ते आंबटानं बांधलं जातं आणि कमी उडतं. हे कोकणातल्या बाईला मी काय शिकवणार, पण कारण कळलं की नवऱ्याला पटतं. तिचं ताट वेगळं, बिनफोडणीचं वरण, दहीभात, भाकरी, गरम न खाता कोमट खायचं, कारण वाफेबरोबर वास जास्त येतो. आपल्याकडं कांदा-लसूण मसाला पडत नाही अशी भाजी कुठली, त्यामुळे खरा त्रास बोंबलापेक्षा रोजच्या फोडणीचा होता, बोंबील बिचारे उगाच बदनाम.

आणि एक, स्वयंपाक करणाऱ्याला वास येत नाही तो खोटं बोलत नसतो. नाक थोड्या वेळात त्या वासाला सरावतं. "मला तर काही येत नाही" हे वाक्य दोन्ही बाजूंनी खरं असू शकतं. शंका असेल तर खाली जिना उतरून एक चक्कर मारून या आणि मग घरात शिरा.

तिला सुधारायला बराच वेळ लागला. मटण परत सुरू झालं, कॉफी अजून चालत नाही. "आईच नकोय" हे वाक्य मात्र चिमणीच्या पाइपानं बाहेर गेलं नाही, त्यावर आम्ही पुढेही बसलो, तो लगेच मोकळा झाला नाही आणि तीही लगेच विसरली नाही.

तुमच्या घरी असं चालू असेल तर आधी एवढंच आठवून बघा, हा त्रास कधीपासून आहे आणि कुठल्या कुठल्या वासाचा आहे. नव्यानं सुरू झाला असेल, वेगवेगळ्या वासांचा असेल तर डॉक्टर, मग ते दिवस गेलेले असोत, सर्दी-ताप होऊन गेलेला असो नाहीतर मायग्रेन असो, त्यातही वास सहन होत नाहीत. लहानपणापासून एखादाच वास नको असेल तर खिडकी, पंखा आणि वार ठरवून घ्या, त्याला समुपदेशन कशाला. आणि तोच पदार्थ माहेरी चालतो पण सासरी त्याचा वास येतो असं असेल, तर मग या माझ्याकडे, दोघंही या.