जुना हीटर काढायचा, मग घ्यायचा कोणता?

नागपुरात हीटर लागावा अशी थंडी डिसेंबर-जानेवारीत सहा-आठ आठवडे पडते, तीही बहुतेक रात्री आणि पहाटे. तेवढ्यासाठी किती खर्च करावा, अशा अर्थाची पत्रे या वेळी जास्त आहेत. त्यांतल्या चारांची उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्याकडे दोन रॉडचा २००० वॅटचा जुना हीटर आहे. कॉइल तुटली की जोडून घेतो. दुकानदार म्हणतो, ऑइल हीटर घ्या, वीज निम्मी लागेल. हे खरे का? (धरमपेठ)

उत्तर : नाही. रॉड, हॅलोजन, ब्लोअर, ऑइल हीटर, काहीही घ्या. एका युनिटमधून सगळ्यांकडून सारखीच उष्णता मिळते, सुमारे ८६० किलोकॅलरी. ‘कमी विजेत जास्त ऊब’ असे खोक्यावर छापलेले असले तरी तिकडे लक्ष देऊ नका. बिलात फरक पडतो तो दोनच गोष्टींनी : उष्णता नेमकी कुठे पोचते आणि खोली तापल्यावर हीटर आपोआप बंद होतो का. तुमच्या रॉडच्या हीटरला थर्मोस्टॅट नसणार. तो रोज तीन तास चालला तर ६ युनिट, म्हणजे महिन्याला १८०. महावितरणचे दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांनी चढत असल्यामुळे हे १८० युनिट बिलातल्या वरच्या दराने पडतात.

आधी खोलीचा हिशेब करा. १० बाय १२ फुटांची मधल्या मजल्यावरची खोली, बाहेर १० अंश आणि आत २० अंश हवे असतील तर ऊब टिकवायला साधारण ६०० ते ७०० वॅट पुरतात. वर उघडा स्लॅब असेल तर हजाराच्या आसपास धरा. म्हणजे २००० वॅटची गरज मुळात नाही. ती भासते कारण उष्णता कुठून तरी निसटत असते. आपल्याकडे ती वाट बहुधा खिडकीतला कूलर असतो. उन्हाळा संपला तरी कूलर तिथेच राहतो, आणि त्याच्या वाळलेल्या गवताच्या पॅडमधून रात्रभर गार वारा आत येतो. कूलर काढता येत नसेल तर त्याचे तोंड आतून प्लायवूडने किंवा जाड थर्माकोलने बंद करा, कडांना फोमची पट्टी लावा. हे काम नवा हीटर आणण्याआधीचे आहे.

आता निवड. टेबलाशी बसून तासभर वाचायचे असेल तर ८०० ते १००० वॅटचा क्वार्ट्झ किंवा हॅलोजन हीटर. त्याची धग थेट अंगावर येते, खोली तापायची वाट पाहावी लागत नाही. झोपण्यापूर्वी खोली पटकन उबदार करायची तर थर्मोस्टॅटचा सिरॅमिक ब्लोअर. मात्र त्याचा आवाज येतो. चार-सहा तास ऊब हवी असेल तर ९ फिनचा ऑइल हीटर. तो तापायला २० ते ३० मिनिटे घेतो. १३ फिनचा मोठा हीटर या खोलीसाठी घेऊ नका. कोणताही घ्या, पण आयएसआय खूण, कलंडल्यास बंद होणारा स्विच आणि जास्त तापल्यास तुटणारा कटआउट या तीन गोष्टी दुकानातच पाहून घ्या.

जुना हीटर दुरुस्त करत राहू नका. कॉइल जोडताना ती थोडी आखूड होते, रोध कमी होतो, करंट वाढतो आणि सांध्याशेजारी ती पुन्हा तुटते. त्याहून वाईट म्हणजे अशा हीटरला अनेकदा दोनच पिना असतात. प्लग उलटा बसला तर हीटरवरचा स्विच बंद असूनही कॉइलमध्ये फेज राहतो, आणि अर्थिंग नसल्याने लोखंडी जाळीला शॉक येऊ शकतो. भंगारात देताना वायर मुळापासून कापून द्या, म्हणजे तो दुसऱ्या घरात जाऊन पुन्हा चालू होणार नाही.

प्रश्न : घर जुने आहे. हीटर लावला की प्लग गरम होतो, बोर्ड पिवळा पडला आहे. नवा हीटर घेतला की हे थांबेल का? (महाल)

उत्तर : थांबणार नाही, कारण बिघाड बोर्डात आहे. २३० व्होल्टवर २००० वॅटचा हीटर ८.७ अँपिअर करंट घेतो आणि साधा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. त्यातली पितळी पट्टी तापून सैल होते, सैल झाली की आणखी तापते. मोठी पिन छोट्या सॉकेटमध्ये बसवणारा अॅडॅप्टर किंवा एक्स्टेंशन बोर्ड वापरत असाल तर तो आजच काढा.

वायरमनकडून मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन ओढून घ्या : तांब्याची अडीच चौरस मिलिमीटरची वायर, तितक्याच जाडीचे अर्थिंग, १६ अँपिअरचा सॉकेट व स्विच आणि १६ अँपिअरची एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच). घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडून शॉकपासून वाचवणारा स्विच) नसेल तर याच वेळी बसवा. जुनी वायर अॅल्युमिनियमची असेल तर तिला तांब्याचा तुकडा पीळ देऊन जोडू देऊ नका. तो सांधा काही महिन्यांत काळा पडतो. एमसीबी सारखी पडते म्हणून कुणी ३२ची सुचवली तर ठाम नकार द्या. एमसीबी वायरला वाचवण्यासाठी असते; ती मोठी केली तर वायर जळेपर्यंत काही कळणार नाही.

काम झाल्यावर हीटर अर्धा तास चालवा, स्विच बंद करून प्लग उपसा आणि पिनांना हळूच बोट लावून पाहा. कोमट चालेल, बोट ठेववत नसेल तर सॉकेट बदलून घ्या. गीझर आणि हीटर एकाच वेळी लावणार असाल तर बिलावरचा ‘मंजूर भार’ही, म्हणजे एका वेळी किती किलोवॅट वापरायला परवानगी आहे तो आकडा, वाचा. दोन्ही मिळून सहज ४ किलोवॅट होतात.

प्रश्न : आई ८० वर्षांची आहे. तिच्या खोलीत रात्रभर काय ठेवावे? हीटरने ऑक्सिजन संपतो म्हणतात. (सदर)

उत्तर : विजेचा हीटर काही जाळत नाही, त्यामुळे ऑक्सिजन संपत नाही. हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता मात्र उतरते : १० अंशांची ७० टक्के आर्द्रतेची हवा २० अंशांवर नेली की ३७ टक्क्यांवर येते, म्हणून घसा कोरडा पडतो. ऑइल हीटर कमी वॅटवर, थर्मोस्टॅट मध्यावर, पलंग आणि पडद्यांपासून किमान तीन फूट दूर ठेवा. त्यावर कपडे वाळवू नका. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही नको. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

प्रश्न : वरच्या मजल्यावर राहतो. एसी यंदा बदलायचाच आहे. ‘हॉट अँड कोल्ड’ घ्यावा का? (मनीषनगर)

उत्तर : एसी बदलायचाच असेल तर जरूर घ्या, फक्त थंडीसाठी मात्र नको. हा एसी उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली आत ओढतो. म्हणून नागपूरच्या थंडीत एका युनिट विजेवर साधारण तीन युनिट उष्णता देतो. वरच्या प्रश्नांतला कोणताही हीटर हे करू शकत नाही.

इन्व्हर्टर एसीच (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) घ्या आणि माहितीपत्रकात हीटिंगची क्षमता व त्या वेळचे वॅट वेगळे पाहा. स्टारचे लेबल थंडाव्यावर ठरते, गरम हवेबद्दल त्यातून काही कळत नाही. गरम हवा छताशी जाते, म्हणून झडपा खाली वळवा आणि तापमान २० ते २२ ठेवा. हीटिंगवर पाणी बाहेरच्या युनिटमधून गळते. ते खालच्यांच्या गॅलरीत पडू नये म्हणून ड्रेन एल्बो (पाणी निघण्याच्या भोकाला लावायचा वाकडा जोड) व पाइप बसवतानाच मागून घ्या. २०१८च्या डिसेंबरअखेरीस पारा ३.५ अंशांवर उतरला होता. तशा रात्री बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळवायला एसी काही मिनिटे गरम हवा थांबवतो. तो बिघाड नाही, मेकॅनिकला बोलावू नका.

तुमच्याकडे सध्या असलेल्या फक्त थंड करणाऱ्या एसीत ही सोय नंतर करून देतो असे कुणी म्हणाले तर पैसे देऊ नका. त्यासाठी रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह (एसीतल्या गॅसची दिशा उलटवणारी झडप) आणि वेगळे सर्किट कारखान्यातच बसवलेले असावे लागते.