हवामानाच्या मॉडेलमध्ये एल निनो आधीच भरलेला असतो का?

नाही. एल निनो, म्हणजे दर काही वर्षांनी विषुववृत्ताजवळच्या मध्य-पूर्व पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा तापणं, मॉडेलमध्ये आपसूक उपजतो. संगणक फक्त समुद्र आणि हवेची समीकरणं एकत्र सोडवतो. त्यात पॅसिफिकवरचे पूर्वेकडून येणारे वारे कधी मंदावले, की पश्चिमेला साठलेलं उबदार पाणी पूर्वेला पेरू देशाच्या दिशेने सरकतं आणि वारे आणखीच ढिले पडतात. हवामानशास्त्रज्ञ याकोब ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये मांडलेली साखळी ती हीच. तो असा आपसूक उपजत असल्यामुळे शतकभराच्या मॉडेलमध्ये १९९७ चा एल निनो १९९७ मध्येच शोधू नका. तपासायची ती २ ते ७ वर्षांची लय आणि तीव्रता. (पावसाळ्याच्या अंदाजाचं वेगळं: तिथे तरंगत्या बॉयांनी मोजलेलं समुद्राचं तापमान सुरुवातीलाच भरतात.) मात्र बऱ्याच मॉडेलमध्ये विषुववृत्तावरचा थंड पाण्याचा पट्टा पश्चिमेकडे नको तितका लांबतो, आणि एल निनोची जागाच सरकते.