मिश्र बॅले-संध्येला प्रथमच जाताना

बडोद्यात भरतनाट्यम पाहून तयार झालेली आपली नजर प्रत्येक हातात मुद्रेचा अर्थ शोधते. मिश्र बॅले-संध्येला, म्हणजे एकाच कार्यक्रमात तीन-चार छोटे बॅले पाहताना, ती सवय थोडी आवरा. या स्वतंत्र रचनांना जोडणारी कथा नसते, आणि नवखे प्रेक्षक नेमके तिथेच अडखळतात. नृत्यरचनाकार यिरी किलियान यांच्या १९९१ सालच्या ‘पेतीत मोर’ या बॅलेमध्ये सहा पुरुष तलवारी घेऊन येतात, पण युद्ध होत नाही, तिथे हवा कापणाऱ्या पात्याचा आवाज ऐकावा आणि पुढे मोझार्टच्या संथ सुरांवर जोडीतले नर्तक एकमेकांचा भार कसा पेलतात ते पाहावे. पहिल्या रांगेचा मोह टाळा, कारण समूहाची मांडणी थोड्या मागूनच उमगते. पहिली रचना रुचली नाही, तरी मध्यंतरात निघून जाऊ नका. पुढची बहुधा अगदी निराळी असते.