एसजीपीटी नॉर्मल आहे हे मला परत सांगू नकोस

अरे बाळा,

काल रात्री तुझ्या हिपॅटायटिस सी बद्दलचा मेसेज वाचला. "काका, एसजीपीटी ३४, सोनोग्राफी नॉर्मल, मग फायब्रोस्कॅन कशाला? नाहीतरी १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी व्हायरस जाणारच आहे ना?" आधी चिडलो, मग झोपच लागेना, कारण हेच मी स्वतःला अकरा वर्षं ऐकवत होतो.

नीट ऐक. एसजीपीटी म्हणजे सध्या लिव्हरच्या पेशींना किती मार बसतोय त्याचा अंदाज. आजवर आत किती व्रण साठलेत ते त्यात कळत नाही, सिरॉसिस (व्रणांनी लिव्हर पार कडक होणं) असलेल्या माणसाचंसुद्धा नॉर्मल येऊ शकतं, माझंच आलं होतं! सोनोग्राफीचंही तेच, फायब्रोसिस, म्हणजे हेच व्रण, सुरुवातीला तिच्यात बहुतेक वेळा दिसतच नाही. म्हणून फायब्रोस्कॅनने, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते बघणाऱ्या तपासणीने, मोजून घे, एफ झिरो (व्रण नाहीत) ते एफ फोर (सिरॉसिस) यातला आपला आकडा माहीत पाहिजे.

मला डॉक्टरांनी बायोप्सी, म्हणजे सुईने लिव्हरचा तुकडा काढून तपासणं, सांगितली होती. मी हुशारी केली, म्हटलं तो तुकडा म्हणजे लिव्हरचा जेमतेम पन्नास हजारावा भाग, त्यावरून काय कळणार? मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता हां, आजही म्हणतो. आणि तेव्हाचे उपचार तरी काय होते, इंटरफेरॉनची इंजेक्शनं, सोबत रायबाविरिन, व्हायरसचा प्रकार जीनोटाइप १ असेल तर जवळपास वर्षभर ताप, अंगदुखी, डोक्यात नैराश्य, आणि एवढं सोसून त्यातले निम्मेच बरे व्हायचे. कोण घाई करेल? पण खरं सांगू का, मला सुईची भीती वाटायची. बाकी सगळं मी नंतर जुळवलेलं.

४४ व्या वर्षी एका नवीन डॉक्टरीणबाईंनी माझी जुनी फाईल उघडली आणि कागदावर गणित मांडलं. वय गुणिले एसजीओटी (एसजीपीटीसारखंच दुसरं एन्झाइम), भागिले (प्लेटलेट हजारात गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). ४४, ६२, १३०, ३६. उत्तर आलं साधारण ३.५. याला फिब-४ म्हणतात, ३.२५ च्या वर गेलं की फायब्रोसिस बराच पुढे गेल्याची शक्यता जास्त. चारही आकडे माझ्याच फाईलीत होते, मी फक्त ३६ कडे बघून खूश होत होतो. फायब्रोस्कॅनने मग एफ फोर दाखवलं.

तुझं वय ३५ च्या आत आहे, तिथे हे गणित तितकं भरवशाचं नाही, म्हणून तर फायब्रोस्कॅनच्या मागे लागलोय. दुखत नाही, बरगड्यांवर प्रोब टेकवतात, टकटक झाल्यासारखं वाटतं. आधी तीन तास काही खाऊ नकोस, पोट भरलेलं असलं की आकडा उगाच वाढतो. हिपॅटायटिस सी मध्ये लिव्हरचा कडकपणा १२.५ किलोपास्कलच्या आसपास किंवा वर म्हणजे सिरॉसिसचा संशय, पण लिव्हरला सूज असली तरी आकडा चढतो, तेव्हा एकट्याने रिपोर्ट वाचून घाबरून बसू नकोस.

आता तुझा दुसरा प्रश्न. व्हायरस जातो रे, नव्या गोळ्यांनी शंभरातले पंचाण्णवच्या वर बरे होतात, माझाही गेला. पण झालेले व्रण लगेच जात नाहीत. एफ फोर असलेल्याला बरं झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते, कारण लिव्हर कॅन्सरचा धोका कमी होतो पण संपत नाही. आणि उपचारानंतर फायब्रोस्कॅनचा आकडा खाली येतो, मग मूळचा आजार किती पुढे गेला होता ते नेमकं सांगणं कठीण. म्हणून गोळ्या सुरू करायच्या आधी मोज. आधी! पण त्यासाठी गोळ्या महिनोन्‌महिने लांबवू नकोस, तोही माझाच धंदा होता.

हो, व्हायरसची आरएनए टेस्ट केलीस का? तू पाठवलाय तो अँटीबॉडीचा रिपोर्ट, तो बरं झाल्यावरही पॉझिटिव्हच राहतो. व्हायरस अजून आहे की नाही ते आरएनएवरून कळतं. गोळ्यांच्या आधी हिपॅटायटिस बी ची तपासणी पण सांगतीलच, हे औषध चालू असताना तो दबलेला असेल तर उसळू शकतो. आणि घरच्यांपासून ताट वेगळं करून बसलायस म्हणे, काय हा वेडेपणा, एकत्र जेवून हिपॅटायटिस सी पसरत नाही. रेझर आणि टूथब्रश तेवढे वेगळे ठेव. दारूबद्दल मी बोलत नाही, तुला कळतं.

रिपोर्टचे फोटो परत पाठव, मागच्या वेळी प्लेटलेटची ओळ कापली गेली होती.

तुझा काका