मसुद्याची शेवटची पानं

प्रिय,

न्यायव्यवस्थेच्या सुधारणांवरचा तुझा निबंध दोनदा वाचला. मेहनत दिसते. पण तुझी सगळी भिस्त विधेयकांच्या उद्दिष्टांवर आहे, आणि तिथेच माझं तुझ्याशी पटत नाही. पारदर्शकता, जलद न्याय हे शब्द कुठल्याही सरकारला फुकट मिळतात. मसुदा हातात आला की मी आधी शेवटची पानं उघडतो: न्यायाधीशांची संख्या किती होणार, निवृत्तीचं वय काय, कायदा कधीपासून लागू. कारण संख्या वाढवून किंवा जुन्यांना घरी पाठवून सरकारला आपली माणसं बसवता येतात.

अर्जेंटिनाचं सर्वोच्च न्यायालय १९९० मध्ये पाच न्यायाधीशांचं नऊ जणांचं झालं. व्हेनेझुएलात २००४ साली विसाचे बत्तीस. एल साल्वादोरमध्ये १ मे २०२१ रोजी नव्या संसदेनं पहिल्याच बैठकीत घटनापीठाचे पाचही न्यायाधीश घरी पाठवले आणि ऑगस्टमध्ये साठी ओलांडलेल्या किंवा तीस वर्षं सेवा झालेल्या न्यायाधीशांना निवृत्त करणारा कायदा केला. कारण दिलं, भ्रष्टाचार निपटण्याचं.

केनियाचा भाग मात्र तू दोन ओळींत उरकलास, याचं मला खरंच वाईट वाटलं. २०१० च्या राज्यघटनेनंतर तिथे पदावरच्या न्यायाधीशांचीही नव्यानं छाननी झाली. १ सप्टेंबर २०१७ रोजी सरन्यायाधीश डेव्हिड मारागा यांच्या न्यायालयानं विद्यमान राष्ट्राध्यक्षांची निवड रद्द केली. तू इथे थांबलास. पुढचं वाच. फेरनिवडणूक २६ ऑक्टोबरला होती. ती पुढे ढकलावी, या अर्जाची सुनावणी आदल्या दिवशी. सातपैकी किमान पाच न्यायाधीश हवे होते, आले दोघंच. उपसरन्यायाधीशांच्या अंगरक्षकावर सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी गोळीबार झाला होता. मारागांनी कोर्टात येऊन गणपूर्ती होत नसल्याचं सांगितलं. अर्ज तसाच राहिला, मतदान झालं. राज्यघटना तीच होती, न्यायाधीशही तेच. नुसता कागद पुरत नाही.

म्हणून पाकिस्तानच्या वकिलांकडे बघ. २००७ मध्ये सरन्यायाधीशांना हटवल्यावर ते काळ्या कोटात रस्त्यावर उतरले, मार खाल्ला, आणि २००९ च्या मार्चमध्ये सरन्यायाधीश पदावर परत येईपर्यंत हटले नाहीत. पुढे त्याच सरन्यायाधीशांच्या न्यायालयानं २०१२ मध्ये निवडून आलेल्या पंतप्रधानांना अपात्र ठरवलं, हेही लिही. मला ते आजही अस्वस्थ करतं.

तिसरं प्रकरण नव्यानं लिही. सुरुवात केनियाच्या त्या दोन न्यायाधीशांपासून कर. खर्डा कच्चा असला तरी पाठव, मी रात्री बसून वाचेन.

तुझ्या कामाची वाट पाहणारा,
तुझा सर